पेटीवाल्याचा डावा हात: डिजिटल पियानो की मिडी कंट्रोलर?

लॅपटॉपवर संगीत करायचंय, त्यासाठी एक कीबोर्ड हवाय. डिजिटल पियानो घ्यावा की मिडी कंट्रोलर? या प्रश्नाला कुठेही गेलात तरी साधारण एकच उत्तर मिळतं. पियानो शिकायचा असेल तर डिजिटल पियानो घ्या, सॉफ्टवेअर सिंथवर काम करायचं असेल तर कंट्रोलर घ्या, आणि खिसा परवानगी देत असेल तर ८८ जड पट्ट्यांचं काहीतरी घ्या, म्हणजे दोन्ही होईल. उत्तर चुकीचं नाहीये. पण ते देताना समोर एक ठराविक माणूस धरलेला असतो. त्याने आधी काहीच वाजवलेलं नसतं, किंवा वाजवलं असेल तर पियानोच.

आपल्याकडे कीबोर्डकडे वळणारा माणूस अनेकदा पेटीवरून आलेला असतो. हा प्रश्न मला अलीकडे आला तोही अशाच एकाकडून. तो सारोळ्याचा. सारोळे म्हणजे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गावरचं नीरेकाठचं गाव. नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. मुलगा कॉलेजात आहे, शाळेत असल्यापासून भजनात पेटी धरतो, आणि आता त्याला लॅपटॉपवर स्वतःच्या चाली बांधायच्यात. साठवलेले पैसे एकाच वस्तूला पुरतील एवढेच. त्याने विचारलं, "ताई, पियानो घेतला तर माझा हात सुधारेल म्हणतात. आणि कंट्रोलर घेतला तर तो नुसता रिमोट आहे म्हणतात. खरं काय?"

या दोन वाक्यांत बाजारातली सगळी समीक्षा आली. पियानो म्हणजे 'खरं वाद्य', कंट्रोलर म्हणजे 'रिमोट', आणि पेटी वाजवणाऱ्या हाताला अजून सुधारायचं आहे. ही उतरंडच मला तपासायची आहे. माझं पीएचडीचं काम 'मॅपिंग'वर आहे, म्हणजे हाताची कुठली हालचाल आवाजातल्या कुठल्या बदलाला जोडायची यावर. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता खरेदीचा नाही.

आधी दोन डबे उघडून बघू

डिजिटल पियानोत आवाज आतच तयार होतो. खऱ्या पियानोचे नमुने किंवा त्याचं गणिती प्रारूप त्याच्या चिपमध्ये असतं, स्पीकर असतो, वीज दिली की वाजतो. पट्ट्यांखाली छोटे हातोडे किंवा वजनं बसवलेली असतात, कारण खऱ्या पियानोची पट्टी बोटाला जड लागते. खालच्या सप्तकात जास्त जड, वरच्या सप्तकात कमी, हा फरकही सांभाळलेला असतो.

मिडी कंट्रोलरमध्ये आवाज नाहीच. पट्टी दाबली की तो यूएसबीवरून लॅपटॉपला एक निरोप धाडतो: अमुक पट्टी, एवढ्या वेगाने. आवाज बनतो तो लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये. लॅपटॉप बंद असेल तर कंट्रोलर म्हणजे पट्ट्या लावलेली फळी. त्याला 'रिमोट' म्हणणारे एवढ्यापुरते बरोबर आहेत.

मात्र आजच्या बहुतेक डिजिटल पियानोंना यूएसबी असतं, म्हणजे तेही मिडी पाठवू शकतात. त्यामुळे 'पियानो घेतला तर सॉफ्टवेअर वाजवता येणार नाही' असं काही नाही. मग फरक उरतो कुठे? हाताला काय करता येतं, यात. आणि तो कळण्यासाठी तारेतून नेमकं काय जातं ते बघावं लागेल.

निरोपाची भाषा कुणाची?

मिडी १९८३ साली आलं. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका केबलने जोडून दाखवले गेले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना या कामासाठी पुढे २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मूळ केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर सुरू करायचा निरोप तीन बाइटचा, म्हणजे तो पोचायला साधारण एक मिलिसेकंद. चाळीस वर्षं उलटली तरी आपण तीच भाषा वापरतोय, यावरूनच ती किती पक्की बांधली होती ते कळतं.

या भाषेत सुराचं मूळ वाक्य असं आहे: 'ही पट्टी, या वेगाने, सुरू.' वेग मोजायचा ० ते १२७ या पट्टीत. नंतर 'ही पट्टी, बंद.' मधे काय? सूर वाजत असताना काही सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळे निरोप आहेत, पण ते ऐच्छिक. मूळ वाक्यात त्यांना जागा नाही.

ही पियानोची व्याकरणपद्धत आहे. १७०० च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो बनवला तेव्हा त्यातली खरी करामत ही होती की बोटाच्या वेगाप्रमाणे हातोडा तारेवर आदळतो आणि लगेच मागे येतो. हातोडा सुटला की वादकाचं काम संपलं. पुढे तो सूर हळूहळू विझत जाणार. वादक तो लवकर थांबवू शकतो, पण वाढवू शकत नाही. म्हणून वाजवण्याचा वेग हीच पियानोतली मुख्य माहिती, आणि म्हणून जड पट्टी महत्त्वाची: वेगावर बारीक ताबा हवा तर बोटाला विरोध हवा. डिजिटल पियानो ही गोष्ट मनापासून करतो. पियानो शिकायचा असेल तर त्याला पर्याय नाही, हे मी मोकळेपणाने सांगते.

आता पेटी घ्या.

भात्याचं व्याकरण

पेटीची पट्टी दाबली की खाली एक झडप उघडते आणि हवा सुरावरून जाते. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाजाची पातळी त्याने ठरत नाही. ती ठरते भात्याने. भाता भरून ओढला तर आवाज चढतो, हात सैल सोडला तर उतरतो, आणि हे सगळं सूर वाजत असताना चालू असतं. म्हणजे पियानोत जिथे वादकाचं काम संपतं तिथे पेटीवाल्याचं सुरू होतं.

फ्रान्समध्ये आलेक्सांद्र दबँने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ते खुर्चीवर बसून पायाने हवा भरायचं वाद्य होतं. हाताने भाता मारायची, जमिनीवर ठेवायची पेटी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुळली. त्याचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. बैठकीच्या संगीताला ते सोयीचं पडलं, पण त्याची किंमत होती एक अख्खा हात. डावा हात भात्यावर गेला, पट्ट्यांवर उजवा एकटा उरला. बाहेरून बघणाऱ्याला ही उणीव वाटते: पियानोवाला दोन हातांनी वाजवतो, पेटीवाला एकाच. मराठी संगीत नाटकात पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आला तेव्हा दोन्ही हात मोकळे झाले आणि हवेचं काम पायांकडे गेलं, ते वेगळं दालन.

पण डावा हात खरंच वाया जातो का? भजनात अभंगाचं धृपद सगळे मिळून उचलतात तेव्हा पेटी चढते, आणि एकटा बुवा अंतरा म्हणतो तेव्हा ती खाली बसते. हे कोण करतं? गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंत आपल्याकडे पेटीची जी परंपरा झाली, तिच्यात उजव्या हाताची तयारी लोकांच्या डोळ्यात भरते. गायकाच्या श्वासाबरोबर श्वास घेण्याचं काम मात्र डावा हात करतो. सारोळ्याचा मुलगा दहा वर्षं हेच शिकलाय. त्याला 'पियानो घेतलास तर हात सुधारेल' असं सांगणाऱ्याच्या हिशेबात ही दहा वर्षं धरलेलीच नाहीत.

आणि इथे यंत्रांचीही एक गंमत आहे. बऱ्याच कीबोर्डांत किंवा सॉफ्टवेअरमध्ये 'हार्मोनियम' हा आवाज निवडा. पट्टी हळू दाबली की आवाज लहान, जोरात दाबली की मोठा. म्हणजे आवाज पेटीचा, स्वभाव पियानोचा. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना 'कॅसिओ' म्हणतात त्या कीबोर्डांवर पेटीवाले पहिल्यांदा बसतात तेव्हा 'सूर फुटतायत' म्हणून कुरकुर करतात, त्याचं एक कारण हे. पेटीवर पट्ट्यांवरचा दाब कमीजास्त झाला तरी बिघडत नाही, त्यामुळे त्यांचं बोट बिनधास्त पडतं. इथे प्रत्येक बोटाचा हिशेब होतो. दोष बोटाचा नाही, जोडणीचा आहे.

डावीकडची दोन चाकं

आता मिडी कंट्रोलरकडे परत बघा. पट्ट्यांच्या डाव्या बाजूला बहुतेक कंट्रोलरांवर दोन चाकं असतात. एक पिचबेंड, म्हणजे सूर वरखाली सरकवायचं. दुसरं मॉड्युलेशन, जे वाटेल त्या गुणाला जोडता येतं. ही मांडणी लोकप्रिय केली १९७० साली आलेल्या मिनीमूगने. मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवायचा आणि त्याच्या पट्ट्या होत्या ४४, साडेतीन सप्तकांच्या आसपास. नेहमीच्या मोठ्या पेटीच्या असतात ४२. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात वाजत्या सुराला आकार देणारा. हे वर्णन पियानोचं नक्कीच नाही. पेटीचं मात्र आहे.

त्याआधीचं उदाहरण तर आणखी जवळचं. १९२८ साली मोरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये 'ओंद मार्तनो' हे विजेवरचं वाद्य लोकांसमोर आणलं. त्यात उजवा हात सूर निवडतो आणि डाव्या हाताखाली एक छोटी दाबकळ असते. ती जितकी दाबाल तितका आवाज. ती दाबलीच नाही तर उजव्या हाताने काहीही करा, वाद्य गप्प. भाता न मारता पेटीच्या पट्ट्या दाबल्यासारखंच.

म्हणजे सिंथच्या इतिहासात दोन घराणी आहेत असं म्हणता येईल. एक पियानोचं, जिथे सूर म्हणजे एक आघात. दुसरं हवेचं आणि गजाचं, जिथे सूर म्हणजे सतत पुरवायची ताकद. बाजारातली परीक्षणं पट्टी किती जड आहे यावरून वाद्याची पत ठरवतात तेव्हा ती पहिल्या घराण्याची फूटपट्टी दुसऱ्याला लावतात. पेटीवाला दुसऱ्या घराण्याचा आहे.

संशोधन काय सांगतं

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. २००२ साली अँडी हंट, मार्सेलो वँडरली आणि मॅथ्यू पॅराडिस यांनी डब्लिनच्या नाइम परिषदेत मांडलेला निबंध आमच्या क्षेत्रात सारखा वाचला जातो. त्यांचा मुद्दा असा: तेच नियंत्रक, तोच आवाज, पण दोघांमधली जोडणी बदलली तर वाद्यच बदलतं. एका जोडणीत प्रत्येक सरकपट्टी एकेका गुणाला बांधलेली. लोकांना ती चटकन समजली आणि तितक्याच चटकन त्यांचा रस संपला. दुसऱ्या जोडणीत आवाज चालू ठेवायला हात हलता ठेवावा लागायचा, सारंगीच्या गजासारखा. ती सुरुवातीला अवघड गेली, पण वाद्य वाजवल्याचं समाधान तिच्यात मिळालं.

माझ्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट 'हात हलता ठेवावा लागतो' ही. भाता तेच मागतो. म्हणूनच मला कंट्रोलरच्या चाकावरही टीका करायची आहे, कारण ते भात्याची हुबेहूब जागा घेऊ शकत नाही. मॉड्युलेशनचं चाक जिथे सोडाल तिथेच राहतं. ते विसरत नाही. भाता विसरतो: हात थांबला की आतल्या साठ्यातली हवा संपत जाते, आणि चार पट्ट्या एकदम दाबल्या तर आणखी लवकर संपते. पेटीवाल्याच्या डाव्या हातात जो जिवंतपणा येतो तो या विसराळूपणामुळे.

सुदैवाने हे सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतं. प्युअर डेटा नावाचं फुकट साधन आहे, मिलर पकेट यांनी लिहिलेलं. त्यात अशी जोडणी करायची: चाक हललं की काल्पनिक साठ्यात हवा भरते, किती भरायची ते हालचालीच्या वेगावर, साठा आपोआप गळत राहतो, जितक्या पट्ट्या दाबलेल्या तितकी गळती जास्त, आणि साठ्यातली हवा मिडीच्या ११ क्रमांकाच्या नियंत्रकावर, म्हणजे 'एक्स्प्रेशन'वर, सिंथला पाठवायची. गणित शाळेतल्या गळक्या हौदाचंच. एवढं केलं की सॉफ्टवेअर सिंथ भाता मागू लागतो.

एवढ्या खोलात जायचं नसेल तरी दोन गोष्टी लगेच करता येतात. सिंथमध्ये 'व्हेलॉसिटी'चा आवाजावरचा परिणाम शून्य करा, म्हणजे बोटाच्या वेगाचा हिशेब थांबेल. मग चाक किंवा एक्स्प्रेशन पेडल आवाजाच्या पातळीला जोडा. डिजिटल पियानो सॉफ्टवेअरला जोडून पहिली गोष्ट करता येते, दुसरी कशाने करणार? यामाहाच्या पी-४५ या बरीच वर्षं खपलेल्या मॉडेलवर पिचबेंडचं चाक नाही. पियानोला त्याची गरजच नसते, त्यामुळे यात कंपनीची चूक काही नाही.

सुराचा प्रश्न

पेटीवर जुना आक्षेप आवाजाच्या चढउताराचा नव्हताच. तो होता स्वरांचा. मींड नाही, आणि बारा स्वर एका जागी खिळलेले. समान बारा भागांच्या सप्तकात गंधार ४०० सेंटवर येतो; तंबोऱ्याशी मिळणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास. फरक चौदा सेंटचा, पण तंबोरा लावून बसलेल्या कानाला तो खुपतो. याच वादातून आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटी बंद होती. त्याआधीही सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी २२ श्रुतींची पेटी घडवायचा खटाटोप केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी तोच धागा पुढे नेला.

जे त्यांना लाकूड आणि पितळ कापून करावं लागलं ते सॉफ्टवेअर सिंथमध्ये एका फाइलने होतं. सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथ 'स्काला' या पद्धतीच्या स्वरफाइली वाचतो. त्यात गंधार ३८६ वर ठेवा, धैवत हवा तिथे ठेवा. पट्टी काळी चारची असो की पांढरी दोनची, षड्ज तिथे नेता येतो. मींडेसाठी पिचबेंडचं चाक आहे, आणि त्याची बारकाई १६,३८४ पायऱ्यांची, म्हणजे कान अडखळणार नाही. एक अडचण आहे: मिडीच्या जुन्या व्यवस्थेत चाक त्या वाहिनीवरचे सगळे सूर एकदम सरकवतं, त्यामुळे खाली षड्ज धरून वर मींड घ्यायला गेलात तर षड्जही घसरतो. षड्ज वेगळ्या वाहिनीवर ठेवला की प्रश्न सुटतो. २०१८ मध्ये मान्य झालेली 'एमपीई' पद्धत प्रत्येक सुराला स्वतःची वाहिनी देते, ती याचसाठी.

इथे मला वाटतं की कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर ही जोडी पेटीवाल्याला पेटीनेही न दिलेली गोष्ट देते. नुसत्या डिजिटल पियानोकडून एवढी मोकळीक मिळत नाही.

कंट्रोलरची दुसरी बाजू

आता पारडं एकीकडेच झुकू नये म्हणून कंट्रोलरच्या उणिवा. त्या लहान नाहीत.

पहिली, उशीर. लॅपटॉप आवाजाचे तुकडे करून पाठवतो. तुकडा २५६ नमुन्यांचा असेल तर सेकंदाला ४४,१०० या दराने एकट्या त्याचेच ५.८ मिलिसेकंद होतात. १,०२४ चा असेल तर २३. आवाज हवेत २३ मिलिसेकंदांत जवळपास आठ मीटर जातो. म्हणजे आपली पेटी आठ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी वाद्यासाठी घालून दिलेली मर्यादा दहा मिलिसेकंदांची आहे. द्रुत लयीत टाळ-मृदंगासोबत बसणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. विंडोजवर असाल तर 'एएसआयओ' चालक लागतो, आणि ब्लूटूथचे इयरफोन या कामाला चालत नाहीत.

दुसरी, बैठक. भजनात लॅपटॉप, केबल, साउंड कार्ड, स्पीकर घेऊन बसणं कठीण. एक केबल हलली की सगळं थंड. डिजिटल पियानोत हा पसारा नाही. बटण दाबलं की वाजतो, आणि उशीर कंपनीने आधीच आवरलेला असतो. पण बैठकीला तोही बसत नाही. वर सांगितलेल्या पी-४५ चं वजन ११.५ किलो आणि रुंदी १३३ सेंटीमीटरच्या आसपास. त्याला स्टँड हवा, खुर्ची हवी. दबँच्या वाद्याला खुर्चीवरून खाली उतरवायला जे करावं लागलं ते इथे अजून कुणी केलेलं नाही. शिवाय तो घेऊन एसटीत चढून बघा.

तिसरी, आयुष्य. पेटी तीस वर्षांनी सूर बदलून पुन्हा उभी राहते. डिजिटल पियानो बरीच वर्षं तसाच चालतो. कंट्रोलर स्वतः टिकला तरी त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप त्याच्याइतके टिकतील असं नाही. जो लॅपटॉप आज अडखळतोय त्याच्यावर कंट्रोलर लादणं म्हणजे अर्धं वाद्य घेणं.

मग काय घ्यायचं?

दोन हातांचा पियानो शिकायचा असेल, परीक्षा द्यायच्या असतील, किंवा घरात लॅपटॉपशिवाय रोज तासभर वाजवायचं असेल तर डिजिटल पियानो. बेधडक.

पेटीचा हात असेल, लॅपटॉप बरा असेल आणि चाली बांधायच्या असतील तर कंट्रोलर. पण तोही पारखून. २५ छोट्या पट्ट्यांचा नको: दोन सप्तकांत अभंगाची चाल मावत नाही आणि अरुंद पट्ट्यांवर सवयीचं बोट अडकतं. ४९ पट्ट्यांत पेटीचं सगळं सप्तक बसतं, ६१ असतील तर आणखी मोकळं. पट्ट्या हलक्या चालतील. जड पट्टीसाठी जादा पैसे देऊ नका, ते आघाताच्या घराण्याचे पैसे आहेत. त्याऐवजी मागच्या बाजूला वाकून बघा की एक्स्प्रेशन पेडलचं वेगळं भोक आहे का. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांना फक्त सस्टेन पेडलचं असतं, आणि ते पेडल चालू-बंद एवढंच जाणतं. जमल्यास 'आफ्टरटच' असलेला घ्या, म्हणजे दाबलेली पट्टी आणखी दाबल्याचाही निरोप जातो.

दुकानात गेल्यावर एकच परीक्षा करा. एक सूर धरा आणि तो चढवून दाखवा म्हणा, पट्टी न सोडता. डिजिटल पियानोसमोर विक्रेता आवाजाच्या बटणाकडे हात नेईल. कंट्रोलर लॅपटॉपला जोडलेला असेल तर चाकाकडे नेईल. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत, पण दुसऱ्यात पुढे काहीतरी करायला वाव आहे.

सारोळ्याच्या मुलाला मी ४९ पट्ट्यांचा, पेडलचं भोक असलेला कंट्रोलर सुचवला, आणि पेटी विकायची नाही हे दोनदा सांगितलं. सप्ताहात वीज जाते तेव्हा मंडपात वाजणारं वाद्य तेच. त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला: पायाने पेडल मारायचं तर मांडी घालून कसं बसू? याचं तयार उत्तर दुकानात नाही. पेडल गुडघ्याखाली ठेवून बघ, नाहीतर डाव्या तळव्याखाली घे, असं मी सुचवलंय. तळव्याखालीच बरं पडेल असा माझा अंदाज आहे. त्या हाताला काम माहीत आहे.